चौसष्ट घरांचा वनाधिकारी

बुद्धिबळाचा पट मांडून दोघे खेळत आहेत, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. पण पटाभोवती चार-पाच जण दाटीवाटीने बसले आहेत, पटावर जेमतेम सहा मोहरे उरले आहेत, घड्याळ नाही, प्रतिस्पर्धी नाही, आणि तरीही तास-दीड तास कुणी जागचे हलत नाही, हे दृश्य त्या मानाने विरळ. मुंबई-पुण्याच्या क्लबात ते जसे दिसू शकते, तसेच पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावातही दिसू शकते. त्यासाठी फार काही लागत नाही. एक पट, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापलेली एक आकृती आणि हार न मानणारी चार डोकी एवढी सामग्री पुरते.

अशा आकृतीला बुद्धिबळाच्या जगात ‘एंडगेम स्टडी’ म्हणतात. मराठीत तिला डावाच्या अंतिम अवस्थेची रचना म्हणता येईल. ‘दोन खेळ्यांत मात करा’ या धर्तीच्या कूटप्रश्नाहून ती वेगळी असते. तिच्यात खेळ्यांची संख्या दिलेली नसते. पांढऱ्याने जिंकायचे किंवा हरण्याच्या बेतात असलेला डाव बरोबरीत सोडवायचा, एवढेच सांगितलेले असते. वाट मात्र एकच असते. बाकी साऱ्या वाटा दिसायला सोप्या आणि शेवटी फसव्या. ज्या माणसाने या प्रकाराला कलेचा दर्जा मिळवून दिला, त्याच्या आयुष्याचा मोठा काळ शहरांपासून आणि क्लबांपासून दूर, जंगलाच्या नोकरीत गेला. त्याचे नाव अलेक्सेई अलेक्सेयेविच ट्रॉइट्स्की. त्याच्या रचना सोडविणारे जगभर होते. तो स्वतः मात्र बहुतेक काळ एकटा होता.

सेंट पीटर्सबर्गचे दिवस

ट्रॉइट्स्की यांचा जन्म १४ मार्च १८६६ रोजी रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. तेथील वनविद्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच त्यांना बुद्धिबळाचा छंद जडला. त्या काळी पीटर्सबर्ग हे रशियन बुद्धिबळाचे केंद्र होते आणि त्या केंद्राचा मध्यबिंदू होता मिखाईल चिगोरिन. विल्हेल्म स्टाइनिट्झ या जगज्जेत्याशी १८८९ आणि १८९२ साली हवाना येथे अजिंक्यपदासाठी लढलेला हा खेळाडू. दोन्ही वेळा तो हरला, पण रशियात बुद्धिबळाची गोडी पसरविण्याचे त्याचे कार्य त्या पराभवांहून मोठे ठरले. ‘नोवोये व्रेम्या’ या दैनिकात तो बुद्धिबळाचे सदर चालवीत असे.

या सदरांचे महत्त्व आज ध्यानात येणे थोडे कठीण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अनेक दैनिकांत आणि साप्ताहिकांत बुद्धिबळाचा एक कोपरा असे. संपादक आकृती छापी, वाचक उत्तरे टपालाने पाठवीत आणि पुढे उत्तर प्रसिद्ध होई. एखाद्या वाचकाला संपादकाहून चांगली वाट सापडली, तर तीही छापली जाई. म्हणजे हजारो मैलांवर विखुरलेली, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकाच पटाभोवती बसलेली असत. पट तेवढा कागदाचा होता.

चिगोरिनने तरुण ट्रॉइट्स्की यांच्यातील गुण हेरले आणि त्यांना उत्तेजन दिले. १८९५ साली ‘नोवोये व्रेम्या’त ट्रॉइट्स्की यांच्या पहिल्या रचना झळकल्या, तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

डावाच्या अंतिम अवस्थेचा अभ्यास त्यापूर्वीही होत होता. योझेफ क्लिंग आणि बर्नहार्ड हॉर्विट्झ या दोघांचा संग्रह लंडनमध्ये १८५१ सालीच प्रसिद्ध झाला होता. पण त्या काळातील बऱ्याच रचनांचा हेतू शिकविण्याचा होता. हत्तीविरुद्ध उंट कसा टिकतो, प्यादे कसे पुढे न्यावे, असे व्यावहारिक धडे त्यांत असत. ट्रॉइट्स्की यांनी त्या धड्यात विस्मय आणला. सोडविणाऱ्याला आधी अशक्य वाटावे, मग चुकीची वाट मोहक वाटावी आणि शेवटी खरी वाट सापडल्यावर ती किती साधी होती याचे नवल वाटावे, असा तो क्रम होता.

सहा मोहऱ्यांचे कोडे

१८९५ सालची त्यांची एक रचना आजही पाठ्यपुस्तकांत आढळते. पटावर फक्त सहा मोहरे आहेत. पांढऱ्याचा राजा ‘डी ५’ या घरात, उंट ‘सी १’ मध्ये आणि प्यादे ‘जी ६’ वर. काळ्याचा राजा ‘एफ ८’ मध्ये, तर प्यादी ‘ई ७’ आणि ‘एच ७’ वर. खेळी पांढऱ्याची आणि त्याने जिंकायचे आहे.

ही आकृती करकंबच्या एखाद्या पारावर मांडली, तर काय घडेल याची कल्पना करता येते. पहिला गडी लगेच म्हणेल, समोरचे प्यादे मारावे म्हणजे आपले प्यादे वजीर होण्यापासून एकाच घरावर येईल. दुसरा त्याला थांबवील. काळा राजा शेजारच्या घरात येऊन ते प्यादे गिळेल आणि एकट्या उंटाने मात होत नाही, हे तो दाखवून देईल. मग तिसरा सुचवील की, आधी उंटाने ‘एच ६’ वरून शह द्यावा. राजा पटाच्या मध्याकडे पळाला, तर प्यादे मारून वजीर करणे सोपे आहे. म्हणून राजा ‘जी ८’ या घरात जाईल. आता पांढरे प्यादे एक घर पुढे सरकते आणि काळ्या राजाच्या नाकासमोर उभे राहते. खरी गंमत येथून सुरू होते.

काळ्यापुढे दोन मार्ग आहेत. तो आपले मधले प्यादे एक घर पुढे टाकून पांढऱ्या राजाला शह देऊ शकतो. ते प्यादे फुकट मिळते आहे, ते कोण सोडील? पण तेच मारले की काळ्या राजाला शह नाही, हलायला घर नाही आणि त्याचे उरलेले प्यादेही उंटाने अडविलेले आहे. अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. जिंकत आलेला डाव हातचा जातो. म्हणून पांढऱ्या राजाने ते प्यादे न मारता शेजारच्या ‘डी ६’ या घरात शांतपणे सरकायचे असते. त्यानंतर काळ्याला श्वास घेण्यापुरती जागा देत पांढरा धीराने जिंकतो.

दुसरा मार्ग अधिक चिवट. शह न देता काळा राजा ‘एफ ७’ वर बाहेर येतो आणि मधल्या घरांवर पहारा धरतो. आता पांढऱ्याने आपले एकुलते एक प्यादे शेवटच्या घरात नेऊन वजीर करायचा आणि तो तत्क्षणी मारू द्यायचा! ज्या प्याद्यावर साऱ्या आशा होत्या, तेच बळी द्यायचे. पारावरचा कुणीही ही खेळी प्रथम हसण्यावारी नेईल. पण काळ्या राजाला वजीर मारण्यासाठी पुन्हा ‘जी ८’ वर जावे लागते. पांढरा राजा ‘ई ६’ वर येतो. काळ्याची दोन्ही प्यादी आता अडली आहेत आणि राजाला कोपऱ्यातल्या एका घराशिवाय थारा नाही. तो तेथे जातो, पांढरा राजा ‘एफ ७’ वर येतो, काळ्याला नाइलाजाने मधले प्यादे हलवावे लागते आणि उंट एक घर पुढे सरकून मात करतो. एकटा उंट मात करू शकत नाही, हा नियम खोटा ठरत नाही. काळ्याचे स्वतःचेच प्यादे त्याच्या राजाची सुटकेची वाट बंद करून बसलेले असते.

अशा रचना एकट्याने सोडविता येतात. पण चौघांनी सोडविण्यात वेगळा आनंद आहे. एकाची चुकीची कल्पना दुसऱ्याला योग्य कल्पनेपर्यंत नेते. प्यादे मारावे असे म्हणणारा पहिला गडी नसता, तर ते का मारू नये हे कुणी शोधलेच नसते. या प्रकारात चुकणाऱ्याचाही उत्तरात वाटा असतो.

त्याच वर्षीचा एक पाद्री

योगायोग असा की, १८९५ याच वर्षी स्कॉटलंडमध्ये या सामूहिक सोडवणुकीचा एक विख्यात प्रसंग घडला. ग्लासगो येथील एका साप्ताहिकात बार्बिए नावाचे संपादक बुद्धिबळाचे सदर लिहीत. त्यांनी १८७५ सालच्या एका डावावर बेतलेली चार मोहऱ्यांची स्थिती छापली. एका बाजूला राजा आणि वजीर होण्याच्या बेतात असलेले प्यादे, दुसऱ्या बाजूला राजा आणि हत्ती. पुढे त्यांनी असे दाखविले की, काळा हत्तीचा बळी देऊन कोंडी घडवू शकतो आणि डाव बरोबरीत सुटतो. विषय तेथे संपला असता. पण ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेड्रा या स्पॅनिश धर्मगुरूने त्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. प्याद्याचा वजीर न करता हत्ती केला, तर कोंडी होत नाही आणि पांढरा जिंकतो, हे त्याने दाखवून दिले. बुद्धिबळात त्याची दुसरी कोणतीही मोठी कामगिरी नोंदलेली नाही. त्या एका खेळीने मात त्याचे नाव अमर झाले. एका वाचकाने संपादकाची चूक काढली आणि त्यातून जगातील सर्वांत प्रसिद्ध रचनांपैकी एक जन्मास आली.

ट्रॉइट्स्की यांच्या रचनांनाही अशा वाचकांची कसोटी होतीच. रचनाकाराने मानलेल्या वाटेशिवाय दुसरी वाट कुणाला सापडली, तर रचना बाद होते. ट्रॉइट्स्की यांच्याही अनेक रचनांत पुढे असे दोष आढळले. संगणकापूर्वीच्या काळात, संगतीला तपासनीस नसताना, शेकडो रचना करणाऱ्याच्या बाबतीत ते अटळ होते. त्यांचे मोठेपण निर्दोषतेत शोधण्यापेक्षा त्यांनी उघडलेल्या नव्या प्रदेशात शोधावे लागते.

अरण्यवास

शिक्षण संपल्यावर ट्रॉइट्स्की यांनी वनखात्याची नोकरी पत्करली आणि राजधानी सोडून ते पश्चिम रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात गेले. चिगोरिनच्या सहवासातून, क्लबांच्या गजबजाटातून ते एकदम अशा मुलखात आले, जेथे तोलामोलाचा खेळाडू भेटणे दुरापास्त होते. पहिल्या बहराच्या पाठोपाठ त्यांच्या निर्मितीत दीर्घ खंड पडला. कित्येक वर्षे त्यांचे नाव नियतकालिकांतून जवळजवळ दिसेनासे झाले.

स्पर्धात्मक खेळाडूला असा एकांत मारक ठरतो. प्रतिस्पर्ध्याशिवाय खेळाची धार बोथट होते. रचनाकाराचे तसे नसते. त्याला दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळावे लागते आणि काळ्याच्या बाजूने तितक्याच प्रामाणिकपणे खेळावे लागते. आपल्या सुंदर कल्पनेला काळ्याचे कोणते उत्तर उद्ध्वस्त करील, हे शोधण्यासाठी स्वतःशीच वैर धरावे लागते. ट्रॉइट्स्की यांची शिस्त अशी होती आणि अरण्यातील वर्षे तिला पोषकच ठरली असावीत.

१९०६ सालाच्या सुमारास त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. आता त्यांच्या रचना ‘डॉइचे शाखत्साइटुंग’ या जर्मन मासिकात आणि प्राग येथील ‘बोहेमिया’ या दैनिकात प्रसिद्ध होऊ लागल्या. रशियन जंगलातून निघालेले पाकीट जर्मनीला आणि प्रागला पोहोचे, तेथील वाचक रचना सोडवीत, चुका काढीत, दाद देत. त्याच काळात आंरी रिंक हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ अशाच रचनांत गुंतलेला होता. या दोघांच्या कामातून आधुनिक रचनेचा पाया घातला गेला.

त्यांच्या आवडत्या कल्पनांपैकी एक म्हणजे बलाढ्य मोहऱ्याला मोकळ्या मैदानात पकडणे. वजीर हा पटावरचा सर्वांत समर्थ मोहरा. त्याला दहा-बारा घरे मोकळी असताना दोन हलके मोहरे त्याला पकडतील, यावर सहसा कुणाचा विश्वास बसत नाही. ट्रॉइट्स्की हे पुनःपुन्हा दाखवीत. ज्या घरात वजीर जाईल तेथे उंटाचा मारा किंवा घोड्याचा असा शह की राजा आणि वजीर दोन्ही एकदम सापडावेत. त्यांच्यानंतर या कल्पनेची एक स्वतंत्र शाखाच झाली.

दोन घोडे आणि एक प्यादे

ट्रॉइट्स्की यांचे नाव ज्या शोधाशी कायमचे जोडले गेले, तो शोध मात्र एखाद्या चमकदार खेळीचा नव्हता. तो वर्षानुवर्षांच्या चिकाटीचा होता.

बुद्धिबळात एक विचित्र सत्य आहे. फक्त राजा उरलेल्या प्रतिस्पर्ध्यावर दोन घोड्यांना सक्तीने मात करता येत नाही. एकाकी राजाला कोपऱ्यात नेता येते. पण शेवटचा फास आवळण्याच्या क्षणी त्याला हलायला घरच उरत नाही आणि डाव कोंडीने बरोबरीत सुटतो. आता त्या एकाकी राजाला एक प्यादे द्या. समज असा की, त्यामुळे त्याची बाजू बळकट होईल. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. राजा कोंडला तरी प्यादे हलू शकते, म्हणून कोंडीची सबब संपते. त्या एका खेळीच्या अवधीत दुसरा घोडा येऊन मात करतो. जे प्यादे आधार म्हणून जवळ ठेवले, तेच घात करते.

तत्त्व सांगायला सोपे आहे, अंमलात आणायला अत्यंत कठीण. एका घोड्याने प्यादे अडवून धरायचे. राजा आणि दुसरा घोडा यांनी शत्रूच्या राजाला कोपऱ्याकडे रेटायचे. मग अडविणाऱ्या घोड्याने नेमक्या वेळी जागा सोडून धाव घ्यायची. प्यादे पुढे पळत वजीर होण्यापूर्वी मात झाली पाहिजे. प्यादे फार पुढे आलेले असेल, तर तेवढा वेळ मिळत नाही. मग ते नेमके कोठवर आलेले चालते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ट्रॉइट्स्की यांनी असंख्य स्थिती हाताने तपासल्या. शेवटी त्यांनी पटावर एक सीमारेषा आखली. प्रत्येक उभ्या पट्टीवर एक घर निश्चित केले. प्यादे त्या घरात किंवा त्याच्या अलीकडे असताना घोड्याने पक्के अडविले, तर राजे आणि दुसरा घोडा कोठेही असोत, दोन घोड्यांची बाजू जिंकते. त्या रेषेच्या पलीकडे विजयाची हमी राहत नाही. ही रेषा आज ‘ट्रॉइट्स्की रेषा’ म्हणूनच ओळखली जाते.

या कामाचा व्यवहारात उपयोग तो किती? दोन घोडे विरुद्ध एक प्यादे ही स्थिती प्रत्यक्ष डावात क्वचितच येते. आली तरी जिंकायला कधी कधी शंभराहून अधिक खेळ्या लागतात; आणि पन्नास खेळ्यांत प्यादे हलले नाही किंवा काही मारले गेले नाही, तर बरोबरी मागता येते, असा नियम आहे. म्हणजे सिद्धान्ताने जिंकलेले अनेक डाव नियमाने बरोबरीत सुटतात. तरीही त्यांनी हे काम सोडले नाही. गणितात जशी काही माणसे उपयोगाचा विचार न करता एखाद्या प्रश्नाचा माग काढतात, तशाच जातीचा हा ध्यास होता.

मान आणि मंडळी

पहिले महायुद्ध, १९१७ ची क्रांती आणि नंतरची यादवी यांतून रशिया होरपळून निघाला. या उलथापालथीतूनही ट्रॉइट्स्की यांचे काम टिकले. १९२४ साली बर्लिनमध्ये त्यांच्या पाचशे रचनांचा जर्मन संग्रह प्रसिद्ध झाला. एका जंगल अधिकाऱ्याचा हा संग्रह जगभरच्या रसिकांच्या हाती पडला. १९२८ साली रशियन प्रजासत्ताकाने त्यांना सन्माननीय कलाकार ही पदवी दिली. बुद्धिबळाच्या रचनेला खेळ न मानता कला मानून दिलेला हा सन्मान होता.

नव्या राजवटीने बुद्धिबळाला उदार आश्रय दिला होता. लेनिन स्वतः रचनांचे शौकीन होते. वासिली आणि मिखाईल या प्लातोव्ह बंधूंची एक रचना परदेशात असताना त्यांच्या पाहण्यात आली, तेव्हा तिच्याविषयी आणि तिच्या उत्तराविषयी त्यांनी १९१० साली आपल्या धाकट्या भावाला पत्रातून कळविले होते. दोन भावांनी रचलेले कोडे दुसरे दोन भाऊ टपालाने सोडवीत होते! सदरे, स्पर्धा, मंडळे यांच्या वाढीमुळे लेनिनग्राड – म्हणजे पूर्वीचे सेंट पीटर्सबर्ग – हे रचनाकारांचे मोठे केंद्र बनले. लिओनिद कुब्बेलसारखा प्रतिभावान रचनाकार तेथलाच. मात्र या आश्रयाला काळी बाजूही होती. लिओनिदचा भाऊ आर्विद कुब्बेल हाही खेळाडू आणि रचनाकार. स्टालिनच्या दडपशाहीत त्याला १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉइट्स्की यांचा निवडक ३६० रचनांचा संग्रह रशियन भाषेत निघाला. दोन घोड्यांविषयीचे संशोधन त्याला जोडलेले होते. १९३७ साली इंग्लंडमधील लीड्स येथून त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. ज्या शहरात पहिली रचना छापून आली होती, त्याच शहरात सत्तरीचे ट्रॉइट्स्की परतले होते. उतारवयात त्यांच्याभोवती त्यांची भाषा समजणारी माणसे होती.

वेढा

८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा जमिनीवरील मार्ग तोडला आणि वेढा सुरू झाला. तो पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ रोजी, म्हणजे ८७२ दिवसांनी. पहिला हिवाळा सर्वांत भीषण होता. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये कामगार नसलेल्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे आणि त्यातही भेसळीचा भाग मोठा असे. सरपण नाही, वीज नाही, नळाला पाणी नाही. लाखो माणसे उपासमारीने मेली.

१८ एप्रिल १९४२ रोजी लिओनिद कुब्बेल गेले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला वयाच्या ७६ व्या वर्षी अलेक्सेई ट्रॉइट्स्की यांचाही भुकेने अंत झाला. त्यांची टिपणे आणि हस्तलिखिते या वेढ्यात नष्ट झाली. त्यांत किती अपूर्ण कल्पना होत्या, किती रचना छापण्याच्या वाटेवर होत्या, याचा हिशेब आता लागणार नाही. पटावर कोंडीतून सुटण्याच्या अगणित वाटा ज्याने दाखविल्या, त्याच्यासाठी वेढलेल्या शहरातून कोणतीच वाट उरली नव्हती.

कागद नष्ट झाले, तरी छापलेले शिल्लक राहिले. आणि ते शिल्लक राहिले ते सोडविणाऱ्यांमुळे. जर्मन मासिकाचे वर्गणीदार, प्रागच्या दैनिकाचे वाचक, लीड्सच्या पुस्तकाचे ग्राहक यांनी त्या रचना आपल्या वह्यांत उतरवून घेतल्या, मित्रांना दाखविल्या, नव्या संग्रहांत घातल्या. रचनाकाराचे खरे दप्तर त्याच्या घरात नव्हतेच. ते सोडविणाऱ्यांच्या घरोघरी पसरले होते.

यंत्राचा कौल

१९८० च्या दशकापासून केन थॉम्पसन यांच्यासारख्या संगणकतज्ज्ञांनी पाच-सहा मोहऱ्यांच्या स्थितींचे संपूर्ण कोश तयार करण्यास आरंभ केला. २०१२ मध्ये सात मोहऱ्यांचा कोशही पूर्ण झाला. या कोशात अंदाजाला जागा नाही. प्रत्येक स्थितीचा अंतिम निकाल आणि सर्वोत्तम खेळी त्यात नोंदलेली असते.

दोन घोडे विरुद्ध प्यादे ही स्थिती यंत्राने तपासली, तेव्हा ट्रॉइट्स्की यांनी हाताने केलेले विश्लेषण विलक्षण अचूक असल्याचे आढळले. सर्वांत लांब विजयाला ११५ खेळ्या लागतात, हेही यंत्राने सांगितले. लाकडी पट आणि कागद यांखेरीज हाताशी काही नसलेल्या माणसाने आखलेली रेषा शंभर वर्षांच्या आत यंत्राने मान्य केली.

मग आता रचना सोडविण्यात काय उरले, असा प्रश्न कुणी विचारील. सहा मोहऱ्यांची स्थिती भ्रमणध्वनीत भरली की क्षणात उत्तर मिळते. पण उत्तर मिळणे आणि उत्तरापर्यंत पोहोचणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. यंत्र खेळी सांगते. प्यादे न मारण्याचे कारण ते समजावीत नाही, आणि ते कारण उमगल्यावर होणारा आनंद तर ते देऊच शकत नाही. म्हणूनच १९७७ पासून बुद्धिबळाची कोडी सोडविण्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरत आली आहे आणि तिच्यात अशा रचनांसाठी वेगळी फेरी असते. तेथे यंत्राला प्रवेश नाही.

महाराष्ट्राला हा नाद परका नाही. तिरुवेंगडाचार्य शास्त्री या विद्वानाच्या संस्कृत ग्रंथावरून तयार केलेले बुद्धिबळाच्या निवडक स्थितींचे इंग्रजी पुस्तक मुंबईत १८१४ सालीच छापले गेले. क्लिंग आणि हॉर्विट्झ यांच्या संग्रहाहून ते ३७ वर्षांनी जुने आहे. अवघड स्थिती मांडून ती सोडविण्याची हौस युरोपातून येथे आली, असे म्हणण्याचे कारण नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर मराठी घरांतून पुन्हा पट निघू लागले असतील, तर त्या पटांवर डावाबरोबर एखादी रचनाही मांडली जावी.

त्यासाठी वर दिलेली सहा मोहऱ्यांची स्थिती पुरेशी आहे. करकंबच्या पारावर असो वा डोंबिवलीच्या गच्चीवर, ती मांडावी आणि ज्यांनी हा मजकूर वाचलेला नाही त्यांना सोडवायला बोलवावे. कुणीतरी आधी प्यादे मारायला निघेल. त्याला लगेच अडवू नये. तो आपण होऊन हात मागे घेईपर्यंत थांबावे. ट्रॉइट्स्की यांनी ती रचना केली होती ती त्याच क्षणासाठी.